परदेशात जुनी गाडी घेताना : रंगाआधी कागद पाहा

मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या भागांतील असंख्य घरांची कर्ती माणसे आखाती देशांत आहेत. पहिली काही वर्षे कंपनीच्या बसने कामावर जायचे, बसनेच परत यायचे, असा क्रम असतो. पुढे हात बसतो, ओळखी वाढतात. ए.सी. दुरुस्ती, प्लंबिंग, सुतारकाम, वायरिंग, शिवणकाम अशा व्यवसायांतील कारागीर स्वतःच्या लायसन्सवर किंवा लहानशा भागीदारीत कामे घेऊ लागतात. मग गिऱ्हाईकाचा फोन आला की हत्यारांची पेटी घेऊन 45 अंशांच्या उन्हात बसस्टॉपवर उभे राहणे परवडत नाही. गाडी ही तेथे चैन राहत नाही, ती धंद्याचे साधन होते. नवी गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून सेकंडहँड गाडीचा शोध सुरू होतो.

या शोधात अनेक वर्षांची बचत एका दुपारी हातातून जाते. आपल्याकडे गाडी घेताना चुलतभाऊ सोबत असतो, ओळखीचा मिस्त्री असतो, विकणाऱ्याचे गाव माहीत असते. परक्या देशात विकणारा आज आहे आणि उद्या विमानात बसलेला असतो. त्यामुळे तेथे गाडीच्या रंगापेक्षा तिच्या कागदाला किंमत आहे. हा लेख संयुक्त अरब अमिरातीपुरता, मुख्यतः दुबई आणि शारजाच्या बाजारापुरता आहे. कुवेत, कतार, ओमान आणि सौदी अरबस्तान यांचे नियम वेगळे आहेत. तेथील वाचकांनी आपल्या देशाचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

आधी लायसन्स, मग गाडी

भारतात वीस वर्षे टेम्पो चालविलेला माणूसही अमिरातीत रहिवासी व्हिसावर राहून भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकत नाही. काही देशांच्या नागरिकांना आपले लायसन्स तेथे थेट बदलून मिळते, भारतीयांना सर्वसाधारणपणे ती सवलत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव नोंदवावे लागते, डोळ्यांची तपासणी, नियमांची परीक्षा, पार्किंगची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. नियमांची परीक्षा हिंदी आणि उर्दूतही देता येते. भारतातील लायसन्स काही वर्षांचे जुने असेल तर शिकण्याचे सक्तीचे तास कमी होतात, म्हणून जाताना ते सोबत न्यावे आणि त्याची मुदत संपू देऊ नये. दुबईने 2023 मध्ये परदेशी लायसन्सधारकांना शिकवणीशिवाय थेट परीक्षेची एक संधी देण्याची योजना आणली. ती आपल्याला लागू होते का, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्यावे.

रस्त्याची बाजूही वेगळी आहे. तेथे वाहने उजवीकडून चालतात, स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्या माणसाची पहिली चूक चौकात किंवा गोल चक्करमध्ये होते. नापास झाले की पुन्हा फी आणि पुन्हा तास. लायसन्स हातात येईपर्यंत काही हजार दिरहम खर्ची पडू शकतात. हा खर्च गाडीच्या बजेटातच धरला पाहिजे. 'गाडी आधी घेऊन ठेवू, लायसन्स येईलच' असे म्हणणाऱ्याची गाडी उन्हात उभी राहून खराब होते, आणि मोह अनावर झाला तर विनालायसन्स चालवून मोठ्या संकटात सापडतो.

खरेदीची किंमत आणि गाडीची किंमत

जाहिरातीत लिहिलेला आकडा ही खरेदीची किंमत. गाडी वर्षभर दारात ठेवण्याचा खर्च निराळा. एक उदाहरण घेऊ. खेड तालुक्यातील एक ए.सी. मिस्त्री शारजात राहतो, काम दुबईत आहे. त्याने 24,000 दिरहम जमविले आहेत. 24,000 ची गाडी त्याने घेऊ नये. तपासणी, नावावर करण्याची फी, विमा, बॅटरी, कदाचित चार टायर आणि पहिल्या महिन्यात निघणारे एखादे काम यांसाठी किमान पाच-सहा हजार बाजूला ठेवावेत. म्हणजे त्याने 18,000 च्या आसपासची गाडी पाहावी.

मग रोजचा खर्च. दुबईत 'सालिक' नावाचा टोल आहे. तो 1 जुलै 2007 रोजी सुरू झाला. नाक्यावर थांबावे लागत नाही, काचेवरील टॅगवरून पैसे आपोआप वळते होतात. पूर्वी प्रत्येक फेरीला 4 दिरहम लागत. 31 जानेवारी 2025 पासून गर्दीच्या वेळी 6 दिरहम, इतर वेळी 4 दिरहम आणि रात्री 1 ते सकाळी 6 विनामूल्य अशी पद्धत आली. रविवार आणि रमजान यांचे वेळापत्रक वेगळे असते. आपला मिस्त्री सकाळी एक आणि संध्याकाळी एक नाका गर्दीच्या वेळी ओलांडत असेल तर दिवसाला 12 आणि 22 कामाच्या दिवसांचे 264 दिरहम झाले. वर्षाला ही रक्कम तीन हजारांवर जाते. त्यात पार्किंग आणि पेट्रोल मिळवावे. पेट्रोल एके काळी तेथे पाण्याच्या भावाने मिळते असे म्हणत. ऑगस्ट 2015 पासून त्याचे दर जागतिक बाजाराप्रमाणे दर महिन्याला ठरतात.

हा हिशेब मांडल्यावर कित्येकांच्या लक्षात येते की अजून एक वर्ष मेट्रो आणि बसच बरी. गाडीमुळे रोज एक जास्तीचे काम मिळणार असेल तरच ती स्वतःचे पोट भरते. गाडीचा खर्च निघावा म्हणून सोबत्यांकडून भाडे घेऊन त्यांना कामावर सोडण्याचा मार्गही काहीजण धरतात. खासगी गाडीत परवान्याविना पैसे घेऊन माणसे नेणे हा तेथे गुन्हा आहे. मोठा दंड होतो आणि गाडीही जप्त होते.

बाजार कोठे आहे

दुबईत रास अल खोर भागात, अवीरजवळ, जुन्या गाड्यांचा मोठा बाजार आहे. शारजात सूक अल हराज प्रसिद्ध आहे. अबुधाबीत शामखा भागातील मोटर वर्ल्ड येथे शोरूम एकत्र आहेत. यांखेरीज इंटरनेटवरील जाहिरातींतून थेट मालकाशी व्यवहार होतो.

शोरूममधून घेतल्यास किंमत जास्त पडते, पण दुकान उद्याही त्याच जागी असते. 1 जानेवारी 2018 पासून तेथे 5 टक्के व्हॅट लागू झाला आहे, त्यामुळे सांगितलेल्या किमतीत तो धरला आहे की नाही हे आधी विचारावे. थेट मालकाकडून गाडी स्वस्त मिळते. विशेषतः जून-जुलैत शाळा सुटल्यावर कायमचे मायदेशी निघालेले कुटुंब घाईने गाडी काढते. अशी गाडी पुष्कळदा चांगली असते. परंतु 'भाई, परवा फ्लाइट आहे, आजच पैसे द्या' हे वाक्य जसे खऱ्या माणसाच्या तोंडी असते तसेच लबाडाच्याही. घाई विकणाऱ्याची असावी, घेणाऱ्याची नसावी.

मॉडेल निवडताना दिमाख बाजूला ठेवावा. टोयोटा कोरोला, यारिस, निस्सान सनी, होंडा सिव्हिक अशा गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात. म्हणून त्यांचे जुने सुटे भाग शारजाच्या औद्योगिक भागात सहज मिळतात आणि कोणताही मिस्त्री त्यांवर हात ठेवतो. तेवढ्याच पैशांत मोठी जर्मन गाडी मिळते, हे खरे. तिचा एक गिअरबॉक्स गेला की गाडीच्या किमतीइतके बिल येऊ शकते, हेही तितकेच खरे.

आखाती बनावटीची की बाहेरून आलेली

अमिरातीच्या बाजारात एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या किमतींत बराच फरक दिसतो. त्याचे एक कारण 'जी.सी.सी. स्पेसिफिकेशन' हे आहे. आखाती देशांसाठी बनविलेल्या गाडीत उष्ण हवेला तोंड देणारी थंड करण्याची व्यवस्था, ताकदवान ए.सी. आणि धुळीसाठी योग्य फिल्टर यांचा विचार केलेला असतो. अमेरिका, जपान किंवा युरोपसाठी बनलेली गाडी ऑगस्टच्या दुपारी रहदारीत अडकली की तापू शकते.

अमेरिकेहून आलेल्या काही गाड्यांचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. तेथे अपघातात किंवा पुरात निकामी ठरलेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात. त्या जहाजाने आखातात येतात, डेंटिंग-पेंटिंग होते आणि त्या नव्यासारख्या दिसू लागतात. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. प्रत्येक गाडीच्या चेसिसवर 17 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पहिला अंक 1, 4 किंवा 5 असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, जे असेल तर जपानमध्ये, के असेल तर कोरियात. मात्र अमेरिकेत बनलेली गाडी आखातासाठीही असू शकते, म्हणून हा क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत एजन्सीकडे खात्री करावी. अमेरिकेत वापरलेल्या गाडीचा पूर्वेतिहास कारफॅक्ससारख्या सेवांकडून थोड्या पैशांत मिळतो. लिलावातील 'साल्व्हेज' हा शिक्का त्यात दिसतो. अमिरातीत झालेल्या अपघातांची पोलिसांकडील नोंद 'एमिरेट्स व्हेइकल गेट' या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून पाहता येते. पोलिसांपर्यंत न गेलेली ठोकर अर्थातच तेथे सापडत नाही.

पुरात बुडालेली गाडी

वाळवंटात पूर कसला, असे कोणी म्हणेल. 16 एप्रिल 2024 रोजी अमिरातीत नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा, म्हणजे 75 वर्षांतील सर्वात मोठा पाऊस झाला. अल ऐन भागात खत्म अल शकला येथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर पाणी पडले. रस्त्यांवर, तळघरांतील पार्किंगमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या भंगारातच जातात असे नाही. वाळवून, धुऊन, सीटकव्हर बदलून त्या बाजारात येऊ शकतात, आणि त्यांचा दोष वर्षा-दोन वर्षांनीही डोके वर काढतो.

26 जुलै 2005 ची मुंबई पाहिलेल्यांना, किंवा जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा बुडाल्या तेव्हा तेथे असलेल्यांना, बुडालेल्या गाडीची ओळख नव्याने करून द्यायला नको. तोच अनुभव येथे वापरावा. डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवावे, चिखलाचा थर किंवा गंज लागतो का पाहावे. गालिचा एका कोपऱ्यातून उचलावा. सीटच्या खालचे लोखंडी रूळ आणि स्क्रू तपासावेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहिलेली असते. हेडलाइटच्या आत बाष्प साचले आहे का पाहावे. काचा बंद करून ए.सी. चालू करावा आणि पहिला झोत नाकाने घ्यावा. गाडीत अत्तराचा वास जरा जास्तच असेल तर तो कशावर पांघरूण घालतो आहे, हे विचारावे. पाण्यात गेलेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंग आणि कॉम्प्युटर पुढे कधी धोका देतील याचा नेम नसतो.

मिस्त्रीची नजर

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने 'तुमच्यासाठी गरम करून ठेवली' म्हटले तर ती पुन्हा थंड होईपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन चालू करताना निळा धूर आला तर तेल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर तेलात पाणी मिसळले आहे. अशी गाडी तेथेच सोडावी.

टायरकडे विशेष लक्ष द्यावे. अमिरातीत पाच वर्षांपेक्षा जुने टायर चालत नाहीत, मग त्यांची नक्षी कितीही शाबूत असो. उन्हाने रबर आतून कोरडे पडते आणि हायवेवर टायर फुटतो. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते. 1823 म्हणजे 2023 मधील 18 वा आठवडा. चारही टायर जुने असतील तर त्यांचा भाव किमतीतून वजा करून मागावा. बॅटरीही त्या उष्णतेत भारतातल्यापेक्षा लवकर संपते.

किलोमीटरच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवू नये. मीटर मागे फिरविण्याची लबाडी जुनीच आहे. मीटरवर 60,000 असतील आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत आणि ड्रायव्हरची सीट बसलेली असेल तर आकडा खोटा समजावा. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात, त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

शेवटी गाडी आपल्या पसंतीच्या गॅरेजमध्ये न्यावी, विकणाऱ्याने सुचविलेल्या नव्हे. तेथे कॉम्प्युटर लावून दोष वाचतात, रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र लावून कोणता पत्रा पुन्हा रंगविला ते सांगतात आणि चासीचे वेल्डिंग खालून पाहतात. या तपासणीचे पैसे वाचविणारा माणूस पुढे त्याच्या वीसपट भरतो. एक गैरसमजही दूर केला पाहिजे. सरकारी केंद्रातील 'पासिंग' गाडी रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे एवढेच पाहते. इंजिन किती दिवस टिकेल याची हमी ते देत नाही.

मागील मालकाचे देणे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. अमिरातीत गाडीच्या नोंदणीपत्राला 'मुल्किया' म्हणतात. ज्याच्या नावावर मुल्किया, त्याची गाडी. हातात चावी असणे, पैसे दिल्याची चिठ्ठी असणे, गाडी दारात उभी असणे, यांपैकी कशानेही माणूस मालक होत नाही. गाडीबरोबर मागील मालकाचे देणेही आपल्याकडे येऊ शकते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार दंडाचा. कॅमेऱ्याने टिपलेले वेगाचे दंड, पार्किंगचे आणि सालिकचे दंड गाडीच्या नंबरावर चढतात. ते भरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पोलिसांच्या आणि वाहतूक खात्याच्या संकेतस्थळांवर नंबर टाकून थकबाकी समजते. ती सौदा ठरण्यापूर्वीच पाहावी आणि कोण भरणार हे स्पष्ट बोलून घ्यावे. सौदा ठरल्यावर 'चार हजार दंड आहे, तुम्हीच भरा' असे ऐकण्याची वेळ येऊ नये.

दुसरा प्रकार बँकेच्या कर्जाचा. कर्जाची गाडी बँकेकडे गहाण असते आणि ती नोंद मुल्कियावर असते. बँकेचे मुक्तिपत्र आल्याशिवाय नाव बदलत नाही. येथेच आपली माणसे फसतात. पुन्हा त्या ए.सी. मिस्त्रीचे उदाहरण घेऊ. गाडी 18,000 ची ठरली, विकणाऱ्याचे 8,000 बँकेत बाकी आहेत. विकणारा म्हणतो, 'मला पूर्ण पैसे द्या, मी बँक भागवतो, आठवड्याने नावावर करू. तोवर गाडी तुम्हीच चालवा.' मिस्त्री चावी घेऊन खूश होतो. विकणारा 18,000 घेऊन देश सोडतो. आता गाडी कागदावर त्याची, गहाण बँकेकडे आणि पैसे गेले मिस्त्रीचे. नोंदणीची मुदत संपली की ती वाढविता येत नाही. विना-नोंदणी गाडी चालविली तर दंड होतो आणि गाडी उचलून नेतात. ती सोडवायला जावे तर प्रश्न येतो, 'तुम्ही कोण?'

'उरलेले हप्ते तुम्ही भरा आणि गाडी वापरा' हा सौदाही याच जातीचा. त्यात मिस्त्री तीन वर्षे दुसऱ्याचे कर्ज फेडतो आणि शेवटी गाडी दुसऱ्याचीच राहते. विकणाऱ्यालाही त्यात धोका आहे, कारण मिस्त्रीच्या हातून अपघात झाला तर नाव त्याचे पुढे येते.

बरोबर मार्ग असा आहे. दोघांनी मिळून बँकेत जावे. बँकेकडून बाकी रकमेचे पत्र घ्यावे. ते 8,000 विकणाऱ्याच्या हातात न देता त्याच्या कर्जखात्यात स्वतः भरावेत आणि पावती आपल्याजवळ ठेवावी. त्याआधी दोन ओळींचा करार लिहावा आणि दोघांच्या एमिरेट्स आयडीच्या प्रती जोडाव्यात. बँकेचे मुक्तिपत्र आले, गहाणाची नोंद उतरली, की मग उरलेले 10,000 नोंदणी केंद्राच्या खिडकीवर द्यावेत. विकणारा याला तयार नसेल तर दुसरी गाडी पाहावी. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत.

मालक आधीच मायदेशी गेला असेल आणि त्याचा मित्र मुखत्यारपत्रावर गाडी विकत असेल, तर ते पत्र नोटरीकडे नोंदलेले आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, हे पाहावे. साध्या कागदावरील सहीला किंमत नाही.

पैसे केव्हा द्यावेत

क्रम लक्षात ठेवावा. प्रथम गॅरेजमधील तपासणी. नंतर नोंदणी केंद्रातील सरकारी टेस्ट. मग घेणाऱ्याच्या नावावर विमा, कारण जुन्या मालकाचा विमा नव्या मालकाच्या कामाचा नसतो. मग सर्व दंडांचा भरणा. मग दोघांनी खिडकीवर उभे राहून नाव बदलणे. शेवटी पैसे. दुबईत टस्जील आणि शामिल यांसारख्या केंद्रांत ही कामे एकाच छताखाली होतात. त्यामुळे एक सकाळ राखून ठेवली तर सर्व पुरे होते.

रक्कम मोठी असेल तर रोख घेऊन हिंडू नये, बँकेची पे-ऑर्डर करावी. टोकन म्हणून थोडी रक्कम द्यावी लागली तर तिची पावती घ्यावी आणि तपासणीत दोष निघाल्यास ती परत मिळेल, असे त्यावर लिहून घ्यावे. गाडी शारजाची आणि नोंदणी दुबईत करायची असेल तर एका अमिरातीतून दुसरीकडे नेण्याचे वेगळे कागद लागतात. व्हिसा एका अमिरातीचा आणि घर दुसरीकडे असेल तर घरभाड्याचा करारही मागू शकतात. हे सौद्याआधीच खिडकीवर विचारून घ्यावे.

हप्ते आणि व्याज

सर्वांजवळ रोख असतेच असे नाही. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने 2011 मध्ये घातलेल्या नियमांनुसार गाडीच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि मुदत 60 महिन्यांपर्यंतच असते. जुन्या गाडीला बँका वयाची अटही घालतात.

व्याज टाळू पाहणाऱ्यांना तेथे मार्ग आहे. दुबई इस्लामिक बँक 1975 पासून काम करीत आहे आणि आज अशा अनेक बँका आहेत. मुराबहा पद्धतीत बँक गाडी आधी स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा जोडून ग्राहकाला हप्त्यांवर विकते. किंमत पहिल्याच दिवशी निश्चित होते, ती पुढे वाढत नाही. तरीही नावावर जाऊन सही करू नये. रोखीची किंमत किती, एकूण हप्त्यांची बेरीज किती, उशीर झाला तर काय आकारतात, मुदतीपूर्वी फेडल्यास सूट मिळते का, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. दोन बँकांच्या बेरजा शेजारी मांडाव्यात.

शोरूमवाला स्वतःच्या हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे कोरे चेक मागतो तेव्हा फार सावध राहावे. 2 जानेवारी 2022 पासून खात्यात पैसे नसल्याने न वटलेला चेक हा तेथे पूर्वीसारखा सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण चेकवाला आता थेट वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकतो, आणि थकीत देण्यासाठी देश सोडण्यास बंदीही होऊ शकते. रक्कम आणि तारीख न लिहिलेला चेक कोणालाही देऊ नये.

विमा

विम्याशिवाय नोंदणी होत नाही. थर्ड पार्टी विमा स्वस्त असतो. तो समोरच्याचे नुकसान भरतो, आपल्या गाडीचे नाही. 2017 पासून लागू झालेल्या समान पॉलिसीत समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी 20 लाख दिरहमांपर्यंतचे संरक्षण आहे. कमी किमतीच्या जुन्या गाडीला बहुतेकजण हाच विमा घेतात. गाडीवरच धंदा अवलंबून असेल तर संपूर्ण विम्याचा विचार करावा. दुरुस्ती एजन्सीत होणार की गॅरेजमध्ये, पुराचे नुकसान मिळते का आणि नव्या लायसन्सवाल्याला स्वतःच्या खिशातून किती भरावे लागते, हे पॉलिसीत वाचावे. ओमानला जायचे असेल तर वेगळे विमापत्र लागते. तकाफुल पद्धतीच्या कंपन्याही तेथे आहेत.

आणखी एक नियम ठाऊक असावा. अपघात लहान असला तरी पोलिसांचा कागद घ्यावा लागतो. त्या कागदाशिवाय गॅरेजवाला ठोकर लागलेली गाडी दुरुस्तीला घेत नाही. तसेच गाडी मित्राला देताना त्याच्याकडे अमिरातीचे लायसन्स आहे याची खात्री करावी. नाहीतर विमा कंपनी भरलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते.

परत येताना

कायमचे परत येताना गाडी मित्राच्या भरवशावर ठेवून येऊ नये. मुल्किया आपल्या नावावर असेपर्यंत तिचे दंड आपल्या नावावर चढतात, आणि पुढे पुन्हा व्हिसा काढायची वेळ आली की जुनी थकबाकी आडवी येऊ शकते. निघण्याच्या दोन महिने आधी गाडी विक्रीस काढावी, नाव बदलून द्यावे, सालिकचे खाते बंद करावे आणि विम्याचे उरलेले पैसे मागावेत. तेथील गाडी गावी आणण्याचा विचार सोडून द्यावा. भारतात जुन्या गाडीच्या आयातीवर जबर जकात आहे. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे असण्याची आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसण्याची अट आहे. अमिरातीच्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे असते.

विकताना आपणही एक गोष्ट पाळावी. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला ओला माल हाती लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला ओला भाग वर ठेवायला सांगितले, म्हणजे घेणाऱ्याला तो दिसेल, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. गाडीचा व्यवहारही तसाच आहे. गिअरबॉक्समध्ये आवाज येतो, एकदा मागून ठोकर बसली आहे, हे आपण होऊन सांगावे आणि तेवढी किंमत कमी घ्यावी. दोष लपवून विकलेली गाडी परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला इस्लामी कायदा देतो. पण विकणारा विमानात बसल्यावर तो हक्क घेऊन गरीब कारागीर कोणाकडे जाणार?

म्हणून घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : बोट स्टेपनीच्या खळग्यात, नाक ए.सी.च्या झोतावर, डोळे मुल्कियावर आणि पैसे नाव बदलेपर्यंत आपल्या खिशात.